अव्वाचा आळस

आमच्या घरी अव्वाला सगळे आळशी म्हणत. रागानं नव्हे. एखाद्याला उंच म्हणावं, कुणाला सावळं म्हणावं, तसं. देगलूरच्या बाजारात पुढं आमचं किराणा दुकान, मागं घर आणि घरावर गच्ची. गच्चीवर जायला दगडी जिना होता. त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर अव्वा बसलेली असायची. हातात वाळवायच्या मिरच्यांचं सूप, नाहीतर धुतलेल्या साड्यांचा पिळा. वर जायला निघालेली आणि अर्ध्यावर थांबलेली. भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, तोंड जरासं उघडं. अप्पा दुकानातून आत आले की म्हणायचे, "बाकीच्या गावांत नंदी पिंडीपुढं बसतो, आमच्यातला पायरीवर बसतो." मी हसायची, माझा मोठा भाऊ, दादा, हसायचा, आणि अव्वाही हसायची. तिचं ते हसणं अगदी हळू होतं. हसायलाही काहीतरी खर्ची पडतं आणि ते तिच्याकडं शिल्लक नाही, असं ते हसणं होतं. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मला ते सोशिकपणाचं वाटायचं आणि अशी शांत आई मिळाली म्हणून मैत्रिणींसमोर मी जरा मिरवायचीसुद्धा.

घरात सकाळपासून आवाज यायचे ते दुकानातले. शटर वर जायचं, मग पोती ओढल्याची खरखर, मग गिऱ्हाईक. आमच्याकडं गिऱ्हाईक तीन भाषांत यायचं. गुळाला कुणी गूळच म्हणायचं, कुणी कानडीत बेल्ला, कुणी तेलुगूत बेल्लम, आणि अप्पा तिघांनाही ज्याच्या त्याच्या भाषेत घासाघीस करून एकाच पोत्यातला गूळ द्यायचे. दुकानात काय नव्हतं! शेंगदाणे, फुटाणे, तीळ, कारळ, जवस, खारीक, डिंक, हाळीव. बाळंतिणीच्या घरची माणसं हाळीव न्यायला आली की अप्पा मुद्दाम सांगायचे, "नवा माल हाय, पोरीच्या अंगी लागंल." आणि आत, पडद्यापलीकडं, आमच्या ताटात काय? बारीक तांदळाचा पांढराशुभ्र भात, त्यावर पातळ वरण, मऊ पोळी, बटाट्याची भाजी, वर लोणचं. हा तांदूळ पलीकडून, तेलंगणातून यायचा आणि तो अप्पांचा अभिमान होता. "भाकरी शेतातल्या माणसाला लागती. गादीवर बसणाऱ्याला काय करायची?" असं ते म्हणत. दुकानातल्या हमालाचा डबा उघडला की त्यात ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कांदा आणि कसलीतरी हिरवीगार भाजी असायची. मला त्या डब्याचा वास आवडायचा. पण तो आपला नव्हे, हे मला कुणी न सांगताही माहीत होतं.

अव्वा बिलोलीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा ती बाजारातून अंबाडी आणायची, तांदुळजा आणायची, अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालून भाजी करायची. माझी आत्त्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, एकदा माहेरपणाला आली असताना ताटाकडं बघून म्हणाली, "आमच्या भावाला शेरडू समजलीस काय गं? पालापाचोळा वाढून राहिलीस." घरात मोठा हशा झाला. त्यानंतर आमच्या घरात अंबाडी शिजली नाही. ही गोष्ट आमच्याकडं विनोद म्हणून सांगितली जायची आणि अव्वाच ती उत्तम सांगायची, आत्त्याचा आवाज काढून.

ती जेवायची सगळ्यांच्या शेवटी. भात उरलेला असायचा, वरणाचं वरचं पाणी असायचं. ते कालवून चार घास खायची आणि लगेच अर्धा कप चहा घ्यायची. चहा घेतल्याशिवाय आपल्याला उठताच येत नाही, असं ती म्हणायची. आणि उठल्यावर ती न्हाणीत जायची. तिथं पाणी तापवायची मातीची चूल होती. तिच्या कडेचा एखादा पोपडा निघाला की अव्वा तो तोंडात टाकायची. मी हे लहानपणापासून बघितलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कारण माझ्याही दप्तरात पाटीवरच्या पेन्सिलींचा पुडा असायचा. मी पाटी सोडून वह्या धरल्या, तरी पुडा सुटला नाही. कुरुम कुरुम पेन्सिल खाताना मला जे सुख व्हायचं ते कुठल्याही पेढ्यानं झालं नाही. आम्हा मायलेकींना एकमेकींचं ठाऊक होतं. एकदा पेन्सिल खाताना तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि दोघी काही न बोलता आपापल्या कामाला लागलो. मला वाटायचं, आमच्या दोघींतच काहीतरी घाणेरडं आहे.

दहावीनंतर मला लातूरला आत्त्याकडं ठेवलं. शिकायचं तर लातूरला, असं तेव्हा आमच्या सगळ्या भागाचं झालं होतं. आजही फार बदललं नाही. आत्त्याला मूलबाळ नव्हतं आणि माझ्या अभ्यासासाठी तिनं अगदी कंबर कसली होती. सकाळी शिकवणी, मग कॉलेज, मग पुन्हा शिकवणी. खाणं म्हणजे चहा आणि बिस्किटं, चहा आणि टोस्ट, दुपारी भात आणि संध्याकाळी परत चहा. रात्रभर भिजवलेले पाच बदाम ती सकाळी स्वतः सोलून माझ्या हातावर ठेवायची, जणू बारावीचा निकालच ठेवतेय. ती मला मनापासून जपत होती. तिच्याबद्दल मी पुढं जे सांगणार आहे त्याआधी हे सांगायला हवं. पण माझे पाय दुखायचे. केस कंगव्यात यायचे. फळ्यावरची अक्षरं मधेच पुसट व्हायची आणि मग फळाच पांढरा व्हायचा. प्रत्येकाकडं त्यावर काहीतरी होतं. आत्त्या म्हणायची, जागरण. शिकवणीतले सर म्हणायचे, लक्ष नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर. मला स्वतःला वाटायचं, मी अव्वावर गेले आहे. आळशी आहे.

आमच्या कॉलेजात एकदा रक्तदानाचं शिबिर भरलं. आम्हा अकरावीच्या मुलींचं वय दानाचं नव्हतं, पण मुलींचं रक्त तपासून देणार होते म्हणून माझी मैत्रीण रेहाना मला ओढत घेऊन गेली. टेबलावर निळ्या पाण्याची छोटी बाटली होती. मोरचुदाचं पाणी, असं तिथल्या सिस्टरांनी सांगितलं. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब त्या पाण्यात सोडायचा. थेंब बुडाला तर रक्त चांगलं. रेहानाचा थेंब मण्यासारखा सरळ तळाला गेला. माझा थेंब पाण्यात शिरला, मध्यावर थांबला, तिथंच जरा डगमगला आणि चक्क वर आला. मागं उभ्या असलेल्या मुली हसल्या. मला वाटलं, माझा थेंबसुद्धा पायरीवर बसला.

सिस्टर हसल्या नाहीत. पन्नाशीच्या, जाड काचेचा चष्मा घातलेल्या बाई. त्यांनी माझी पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली, आणि हळूच, मागच्या मुलींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "माती खातीस का गं? खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ?"

या बाईला कुणी सांगितलं? लातूरच्या एका टेबलापाशी, कधी न पाहिलेल्या बाईला माझ्या दप्तरातला पुडा कसा दिसला? मी नाही म्हणाले. मग मान हलवली. मग रडायला लागले.

"रडायचं कामून त्यात? तू घाण न्हाईस. रक्त कमी झालं की असलं खावं वाटतं. लई पोरी येतात अशा." त्यांनी फॉर्मच्या पाठीमागं भराभरा लिहिलं. मला तो कागद अजून डोळ्यांसमोर दिसतो. रोज एक पालेभाजी, मेथी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, मिळेल ती. भाकरी. मोड आलेली मटकी. शेंगदाणे-गूळ. तीळ-कारळाची चटणी. वरणावर लिंबू पिळणे. जेवणाच्या वर चहा घेऊ नये, त्यानं अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. चालत असेल तर अंडं. आणि सगळ्यात शेवटी, अधोरेखित करून: डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेणे, नुसत्या खाण्यावर राहू नये.

तो कागद घेऊन मी घरी आले आणि माझ्या गोंधळाला खरी सुरुवात झाली. आत्त्यानं कागद वाचला. "गूळ? उष्ण. तीळ? उष्ण. शेवगा तर लईच उष्ण. वयात आलेल्या पोरीला हे खाऊ घालायचं? आणि अंडं! आपल्या घरात अंडं लिहून आणलंस?" मी म्हणाले, ते सोड, बाकीचं तरी. ती म्हणाली, "रक्त वाढायला बीट खातेत. लाल असतंय." तेव्हापासून बीट सुरू झालं. उकडलेलं बीट, बिटाचा रस, बिटाची कोशिंबीर. शिकवणीतले सर म्हणाले, डाळिंब. शेजारच्या काकू म्हणाल्या, लोखंडाच्या कढईत भाजी करा. दुसऱ्या काकू म्हणाल्या, दूध प्या. पालकासोबत दूध पिऊ नये, असं रेहानाच्या आईनं सांगितलं. डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या तर त्या घेऊन पोटात मळमळायचं, आणि आत्त्या म्हणायची, बघ, उष्ण पडल्या. रेहानानं एकदा डब्यात लपवून उकडलेलं अंडं आणलं. "खा गे गिरजा, मिठासंगं खा, कुछ नई होता." मी ते हातात घेतलं. ते गरम आणि गुळगुळीत होतं. आम्ही लिंगायत. डोळ्यांपुढं अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग आलं आणि मी अंडं परत तिच्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती शेंगदाणे आणि गूळ आणू लागली, आणि मधल्या सुट्टीत आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर ते खायचो. माझं बरं व्हायला जर काही खरं लागलं असेल तर त्या गोळ्या, तो गूळ आणि ती रेहाना.

आज माझ्या फोनवर रोज सकाळी कुणीतरी असाच एक कागद पाठवतं. सात दिवसांत रक्त वाढवा, हे पाच पदार्थ खा, हे तीन कधीच खाऊ नका. पुण्याची माझी मुलगी परदेशी बिया भिजवून खाते आणि मला ज्वारीचं महत्त्व समजावून सांगते. मी ऐकते. तेव्हा एका कागदानं माझी जी गत झाली होती ती आठवते, आणि मुलीला एवढंच विचारते की चहा कधी घेतलास.

दिवाळीच्या सुट्टीला मी देगलूरला गेले. एसटीतून उतरून घरात शिरले तर अव्वा पायरीवर. तिनं डोळे उघडले, "आलीस?" म्हणाली, आणि उठता उठता पुन्हा बसली. मी ते दृश्य हजार वेळा पाहिलं होतं. पण या वेळी मी तिच्याजवळ बसले आणि, का कोण जाणे, सिस्टरांनी केलं तसं तिची पापणी खाली ओढली. आत लाल काही नव्हतंच. धुतलेल्या कापडासारखं पांढरं होतं.

"काय बघून राहिलीस?"

"अव्वा, तू आळशी न्हाईस."

"मग काय हाय?" तिनं खरंच विचारलं. मी पिशवीतून कागद काढला आणि तिला वाचून दाखवायला लागले. तांदुळजा. शेवग्याचा पाला. कारळाची चटणी. भाकरी. मला वाटलं होतं ती हसेल, खूश होईल, हे तर आमच्या माहेरचं म्हणेल. तिचा चेहरा मात्र हळूहळू आवळत गेला. "बास कर," ती म्हणाली. "मी रांधलं तवा पालापाचोळा. आता कागदावर आलं तर औषध?" तिला एवढ्या जोरात बोलताना मी प्रथमच ऐकलं, आणि तेवढ्यानं तिला धाप लागली. कागद तिनं माझ्या मांडीवर टाकला आणि भिंतीकडं तोंड केलं.

अप्पांना मी सांगितलं की अव्वाला नांदेडला दाखवूया. ते म्हणाले, दिवाळीचं गिऱ्हाईक आटपू दे. मग म्हणाले, संक्रांतीनंतर. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना दिसत नव्हतं, एवढंच. पंचवीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट कुणाला दिसते? आणि अव्वा म्हणायची, "मला काय झालंय? मी अशीच हाय." दोघं मिळून मला वेड्यात काढत होते आणि मला खरंच वाटू लागलं होतं की चार बुकं शिकून मीच काहीतरी शोधून काढतेय.

मग मी एक गोष्ट केली. ती बरोबर केली की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी आत्त्या लातूरहून आली होती. सगळे जेवायला बसले होते, अव्वा वाढत होती. मी न्हाणीत गेले, तिथल्या कोनाड्यातला डबा उचलला. खोबरेल तेलाचा जुना डबा होता. त्यात अव्वानं चुलीच्या मातीचे तुकडे साठवलेले असायचे, हे मला माहीत होतं. तो डबा मी अप्पांच्या ताटाशेजारी उघडून ठेवला.

"हे काय?" अप्पांनी विचारलं.

"अव्वा हे खाती. रोज. मी लहान होते तवापासून. तिच्या अंगात रक्त न्हाई, अप्पा. म्हणून ती पायरीवर बसती."

दादाचा घास हातात राहिला. आत्त्यानं तोंडाला पदर लावला. अव्वाच्या हातात वरणाचं भांडं होतं. ते तिनं हळूच खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मार खाल्लेलं चालतं, असलं बघणं सोसत नाही. जी गोष्ट आम्ही दोघींनी एवढी वर्षं एकमेकींसाठी झाकली होती, ती मी तिच्या नणंदेसमोर, सणाच्या दिवशी, ताटात मांडली होती. ती आत गेली. पुढं नांदेडच्या दवाखान्यापर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही.

पण दोनच दिवसांत अप्पांनी दुकान दादावर सोपवलं आणि आम्ही निघालो. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी अव्वाला बघितलं, रक्त काढलं, आणि आलेला कागद दोनदा वाचला. मग त्यांनी खुर्चीवर बसलेल्या अव्वाकडं बघून विचारलं, "ह्या दवाखान्यात चालत आल्या?"

"हाव," अप्पा म्हणाले. "रिक्षापासून."

"एवढ्या रक्तावर दुसरी बाई अंथरुणावरून उठली नसती. आणि ह्या स्वयंपाक करतायत?"

अप्पा माझ्याकडं बघत राहिले, जणू डॉक्टरीणबाई तिसऱ्याच कुणाबद्दल बोलत होत्या. बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं आणि अव्वाला पाळीचं विचारलं. वर्षानुवर्षं फार जायचं. तिला वाटायचं सगळ्यांचंच असतं तसं. त्याचं औषध वेगळं निघालं, जंतांचं वेगळं. तिला दाखल करून घेतलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या. बदल्यात दादानं येऊन रक्त दिलं. त्याचा थेंब बुडाला, तो फार खूश होता. खाटेशेजारी बसून मी पिशवीतलं रक्त थेंब थेंब उतरताना बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वानं स्वतःचा तळहात डोळ्यांजवळ धरला, उलटसुलट केला आणि माझ्याशी भाऊबीजेनंतरचं पहिलं वाक्य बोलली, "हात कुणाचा हाय गं हा?"

घरी जाताना डॉक्टरीणबाईंनी अप्पांना समोर बसवून सांगितलं की गोळ्या कित्येक महिने चालतील, मधे सोडायच्या नाहीत, आणि ताट बदलायला हवं. अप्पांनी विचारलं, काय आणू? सफरचंद? काजू? बाई म्हणाल्या, "तुमचं कशाचं दुकान आहे?" अप्पांनी सांगितलं. बाई नुसत्या हसल्या. अप्पा परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत होते. नरसी गाव आल्यावर एकदम म्हणाले, "हाळीव मी जगाला विकलं गं."

त्यानंतर आमच्या घरात भाकरी आली. सुरुवातीला ती अव्वाच्या एकटीच्या ताटात होती, औषधासारखी. मग दादानं एक तुकडा मोडून घेतला. मग अप्पांनी एका दुपारी, कुणी बघत नाही असं समजून, कारळाच्या चटणीवर तेल घालून सबंध भाकरी खाल्ली. परसात अव्वानं शेवग्याची फांदी लावली. जेवणानंतरचा चहा दुपारच्या झोपेनंतर गेला. तो सोडणं तिला सगळ्यात जड गेलं, अगदी डोळ्यांत पाणी यायचं. मातीची इच्छा कधी गेली ते तिलाही कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आठवणच ऱ्हायली न्हाई बघ." माझाही पेन्सिलींचा पुडा असाच कधीतरी संपला आणि मी नवा आणला नाही. गोष्ट इथं संपली असती तर फार सोपं झालं असतं.

अकरावीची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले तर घरात एक वेगळीच बाई होती. ती जिन्यावरून धाडधाड चढायची. गाणी म्हणायची, तीही मोठ्यानं आणि बेसूर. मला माहीत नव्हतं की अव्वाला गाणी येतात. ती भांडायची. भाजीवाल्याशी, दादाशी, माझ्याशी. मी उशिरा उठले की पांघरूण ओढायची आणि म्हणायची, "आळशी कुठली!" आणि ते म्हणताना तिच्या आवाजात काहीही आठवण नसायची, निव्वळ राग असायचा. एकदा अप्पा गिऱ्हाईकाला जुने शेंगदाणे नवे म्हणून देत होते, तर ती पडदा सारून दुकानात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "खवट हायत ते. नवं पोतं फोडा की." अप्पांनी मुकाट्यानं नवं पोतं फोडलं. आत्त्याला तिनं पत्र लिहून कळवलं की यंदा पोरीला बीट देऊ नका.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मला माझी ती पायरीवरची आई आठवायची. तिच्याजवळ जाऊन कधीही बसता यायचं, ती कुठं जायची नाही, कशाला नाही म्हणायची नाही. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की ती तासन्‌तास तशीच बसून राहायची. मी त्यालाच माया समजत होते. ती माया होती, की उठायची ताकद नव्हती? आणि ही जी समोर तरातरा चालत होती, हिला मी कधी भेटलेच नव्हते. आपण आईला बरं केलं म्हणायचं, की घालवलं? हा विचार मनात आला की मला स्वतःची शरम वाटायची. आज पन्नाशी ओलांडली तरी त्या शरमेचं काय करायचं हे मला कळलेलं नाही.

एके दिवशी दुपारी मी आणि अप्पा जेवायला आत आलो तर अव्वा घरात नव्हती. भाकरी झाकून ठेवलेली, भाजी झाकून ठेवलेली, आणि दादाला निरोप दिलेला की बिलोलीला बहिणीकडं जाते, संध्याकाळच्या गाडीनं येते. पंचवीस वर्षांत ती एकटी कुठं गेली नव्हती. अप्पा पाटावर बसले. भाकरी मोडली आणि हातात धरून राहिले.

"गिरजे," ते म्हणाले, "ही पहिल्यापासून अशीच होती का गं?"

"मला काय माहीत, अप्पा? लग्न करून तुम्ही आणली."

त्यांनी तुकडा परत ताटात ठेवला. "आणली तवा लई हसायची. पळायची जिन्यावरून. पहिल्या वर्षात. मग एकेक करून कमी झालं. मला वाटलं..." ते थांबले. "मला वाटलं, शहाणी झाली."

संध्याकाळी अप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि मला म्हणाले, "चल, स्टँडवर जाऊन येऊ." अप्पा कधी कुणाला घ्यायला स्टँडवर जात नसत. बिलोलीची गाडी आली. आधी माणसं उतरली, मग अव्वा उतरली. काखेत बहिणीनं दिलेलं बोचकं होतं आणि शेजारच्या कुठल्याशा अनोळखी बाईशी ती काहीतरी बोलत होती, हातवारे करत, मोठ्यानं हसत. तिचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला. "थांब जरा," ते म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या चुण्या सरळ केल्या, कपाळावरचा घाम पुसला, आणि आम्ही दोघं तिथंच, चहाच्या गाड्याशेजारी, ती हसणारी बाई आमच्याकडं कधी बघेल याची वाट बघत उभे राहिलो.